शेवटापर्यंत चालत जाणाऱ्या अक्का

आमच्या ऑफिसात अक्कांच्या चपलांचा आवाज आला की सगळ्यांची बोटं आपोआप सेव्हच्या बटणावर जायची. कारण अक्का कधी कुठली पिन उपटतील याचा नेम नसे. बोर्डाजवळ यायच्या, क्षणभर मान कलती करून उभ्या राहायच्या आणि खटकन पिन ओढायच्या. समोरचा कॉम्प्युटर काळा व्हायचा. मग अक्का स्टूल ओढून तिथंच बसायच्या, पिन परत लावायच्या आणि तो सुरू होईपर्यंत पदराने वारा घेत पाहत राहायच्या. काय राहिलं नि काय गेलं, हे बघायला.

सोलापुरात सात रस्त्याजवळ एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. दवाखाने, शाळा, छोटे कारखाने यांना आम्ही कॉम्प्युटरची साठवण करून द्यायचो. म्हणजे एक पेटी, तिच्यात डिस्क, आणि सगळ्यांच्या फायली त्या पेटीत. मी सपोर्टला होते. लोकांचे फोन घ्यायचे आणि त्यांनी झापलेलं ऐकून घ्यायचं, हे माझं काम. अक्कांचं काम नेमकं काय होतं ते नोकरी लागल्यावर बरेच दिवस मला कळलं नाही. साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "त्या आहेत म्हणून आपली पेटी चालते. जास्त विचारू नका."

अक्का पन्नाशी ओलांडलेल्या. घर शहराच्या पूर्वभागात, विणकरांचं, बोली तेलुगू. पूर्वी त्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायच्या. ती नोकरी का सोडली याबद्दल ऑफिसात अनेक कथा होत्या. त्यातली सर्वांची आवडती म्हणजे, प्रॅक्टिकलच्या परीक्षेत त्यांनी मेन स्विचच बंद केला आणि म्हणाल्या, ज्यांचं काम शिल्लक असेल ते पास. मी एकदा धीर करून त्यांनाच विचारलं.

"एमो," अक्का म्हणाल्या.

एमो म्हणजे तेलुगूत 'कोण जाणे'. हा त्यांचा आवडता शब्द. बाकी माणसं 'माहीत नाही' म्हणताना ओशाळतात. अक्का 'एमो' असं म्हणायच्या की जणू ताटात काहीतरी गोड पडलंय. आणि दुसरा शब्द, 'कशावरून?' तो मात्र समोरच्याला घाम फोडायचा. रिक्षावाल्याने "पेट्रोल संपत आलंय, मॅडम" म्हटलं की कशावरून. काटा दाखवला तर काट्याला कसं कळतं. तो बिचारा सात रस्त्याच्या सिग्नलला "मला काय म्हाइत ओ, कंपनीनं बसवलाय," असं म्हणून मोकळा व्हायचा आणि अक्का उरलेला रस्ताभर त्याच्या काट्याकडे पाहत बसायच्या.

नवी पेठेत त्यांच्याबरोबर साडी घ्यायला जाणं म्हणजे शिक्षाच होती. मी एकदाच गेले. दुकानदार म्हणाला, प्युअर कॉटन. अक्कांनी रंग पाहिला नाही, काठ पाहिला नाही. पदराच्या टोकाचा एक दोरा मागितला, पर्समधून काडेपेटी काढली आणि गादीवर बसल्याबसल्या तो पेटवला. वास घेतला. राख बोटांत चुरली. "आहे गं कॉटन," मला म्हणाल्या, आणि दुकानदाराकडे पाहून इतकं प्रसन्न हसल्या की त्याला रागावता येईना. साडी मात्र घेतली नाही. रंग आवडला नव्हता म्हणे.

उन्हाळ्यात त्यांच्या टेबलाजवळचा पंखा बंद असायचा. सोलापूरचा उन्हाळा, आणि पंखा बंद! डिस्क चालताना जो कुरकुर आवाज येतो तो पंख्यामुळे ऐकू येत नाही, अशी त्यांची तक्रार. डिस्कला कान लावून डोळे मिटून बसलेल्या अक्का पाहून पहिल्यांदा मला वाटलं, बाईंना झोप लागली.

त्यांचं काम काय, ते मला गच्चीवर कळलं. डबा खाऊन आम्ही वर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसायचो. मी सहज म्हटलं, "अक्का, तुम्ही दिवसभर ते काय लिहिता?"

त्यांनी सांगितलं ते असं. आपल्या पेटीत जे सॉफ्टवेअर चालतं ते कुणा एकाच्या मालकीचं नाही. जगभरातली माणसं ते लिहितात, एकमेकांच्या चुका काढतात, दुरुस्त करतात आणि कुणीही फुकट वापरावं म्हणून ठेवून देतात. अक्का त्यांतल्याच एक. त्यातला एक लहानसा भाग त्या सांभाळायच्या. सर्व्हरने, म्हणजे पेटीतल्या मुख्य प्रोग्रामने, दिलेली माहिती डिस्कवर कशी ठेवावी, हा तो भाग. साधी फाइल असेल तर कशी ठेवायची, आणि फाइल वगैरे काही नसून अख्खी कोरी डिस्कच हातात दिली, ज्याला ते ब्लॉक डिव्हाइस म्हणतात, तर कशी.

"दोन्ही एकच की," मी म्हटलं.

"कशावरून?"

अक्कांनी आपला रिकामा डबा उचलला. "फाइल म्हणजे हा डबा. डब्यावर चिठ्ठी चिकटवलेली असते, आत किती आहे त्याची. चिठ्ठी वाचली की कळतं. आणि नुसती डिस्क म्हणजे ही गच्ची. ही किती लांब आहे, कुठं लिहिलंय?"

"कुठंच नाही."

"मग किती लांब आहे?"

"एमो," मी म्हटलं. त्यांना बरं वाटावं म्हणून.

"हां! आता डोळे मीट आणि चाल. कठड्याला हात लागला की थांब."

मी चपला काढल्या होत्या. डोळे मिटून, हात पुढे करून, चटके खात मी त्या तापलेल्या गच्चीवर चालत गेले. शेजारच्या इमारतीतून कुणीतरी हसलं. हात कठड्याला लागला तेव्हा मी ओरडले, "आली अक्का, आली!"

"आता तुला गच्चीची लांबी कळली. दुसरा उपाय नाही गं. शेवटापर्यंत चालत जावं लागतं." त्या सावलीतून बोलत होत्या. "आळशी प्रोग्राम काय करतो, डिस्कची पण चिठ्ठी वाचायला जातो. चिठ्ठी कोरी. म्हणून त्याला उत्तर मिळतं, शून्य. एवढी मोठी गच्ची, आणि हा म्हणतो इथं काहीच नाही!" आणि त्या खुदुखुदु हसायला लागल्या. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत सावलीत आले.

त्यानंतर काही महिन्यांनी तो फोन आला. शहरातल्या एका स्कॅन सेंटरला आम्ही पेटी दिली होती. सीटी स्कॅनची चित्रं त्यांच्या मशीनमधून आमच्या पेटीत, थेट कोऱ्या डिस्कवर, यायची. मशीन जुनं, त्याच्या पोटात जागा थोडी. म्हणून आमच्या सर्व्हरने 'मिळालं' असं सांगितलं, हिरवी खूण आली, की मशीन आपल्याकडची प्रत पुसून टाकायचं. त्या दिवशी सकाळी वीज गेली आणि यूपीएसने दगा दिला. पेटी बंद पडली. परत सुरू झाली तेव्हा एका पेशंटचं स्कॅन कुठंच नव्हतं. मशीनमध्ये नाही, पेटीतही नाही.

साहेबांनी मला जायला सांगितलं. अक्का माझ्या स्कूटीवर मागे येऊन बसल्या.

सेंटरमध्ये पोचलो तर बाहेर गलका. सांगोल्याकडचा एक मेंढपाळ म्हातारा बाकावर पोटाला हात लावून बसला होता आणि त्याचा मुलगा डॉक्टरांशी भांडत होता. "आमी पहाटे निगालो हितं यायला. म्हाताऱ्याला सुई टोचली, झोपवलं, समदं केलं. आन् आता म्हंता फोटू न्हाय! ह्या बाईनं फोटू काढलाच न्हाय, बगा!"

ही बाई म्हणजे सुवर्णा. तिथली सीटी टेक्निशियन. रोज अक्कलकोटहून एसटीने यायची, बोलण्यात कानडी हेल. भिंतीला टेकून उभी होती, ओठ घट्ट मिटलेले. डॉक्टर चांगले होते, पण सकाळपासून त्यांचंही डोकं तापलेलं. ते आम्हाला म्हणाले, "तुमच्या पेटीचा प्रश्न नसावा. बाकी सगळं आहे त्यात. ही सेव्ह करायला विसरली असणार."

"नाही री सर," सुवर्णा म्हणाली. "हिरवी खूण आली, मगच मी बाबांना उठवलं. खूण आल्याशिवाय मी पेशंटला टेबलावरून उठवत नाही."

"मग गेलं कुठं?"

अक्का सुवर्णापुढे जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता हिची बाजू घेतील. तर म्हणाल्या, "खूण आली होती, कशावरून?"

सुवर्णाचे डोळे भरले. "अय्यो, तुम्ही पण?"

"तसं नाही गं. कशावरून ते सांग. मला ते पाहिजे."

ती म्हणाली, "बाबा भ्यायले होते. मी त्यांना आधीच सांगितलं होतं, त्या काचेतून बघा, हिरवं दिसलं की संपलं. ते स्वतःच म्हणाले, हिरवं झालं पोरी, आता उठू का?"

अक्का सरळ त्या म्हाताऱ्याकडे गेल्या, त्याच्या शेजारी बाकावर बसल्या. "बाबा, हिरवं दिसलं होतं?"

"व्हय की," म्हातारा म्हणाला. "पोरगी लई चांगली हाय. तिला काय बोलू नगा."

मुलाचा राग मात्र गेला नव्हता. म्हाताऱ्याला पुन्हा सुई टोचून, पुन्हा झोपवून स्कॅन करावं लागलं. तो आत गेल्यावर अक्का डॉक्टरांना म्हणाल्या, "ही खरं बोलते की खोटं, मला अजून माहीत नाही. तुम्हाला पण माहीत नाही. आमचं तपासून होईपर्यंत हिला काही म्हणू नका."

डॉक्टरांनी खांदे उडवले. सुवर्णाला घरी बसवायचं की नाही, हे त्यांच्या मनात चाललंय ते चेहऱ्यावर दिसत होतं.

पुढचे काही दिवस ऑफिसात कुणालाच धड काम करता आलं नाही. अक्कांनी सेंटरला दिली होती तशीच पेटी मांडली. एका बाजूला साधी फाइल, दुसऱ्या बाजूला कोरी डिस्क. माहिती पाठवायची, हिरवी खूण आली रे आली की पिन उपटायची. परत लावायची, बघायचं. खुणेवर नजर ठेवायचं काम माझ्याकडे आलं होतं. मी "आली!" म्हणायची, की खटक.

फाइलमधलं प्रत्येक वेळी जागच्या जागी. कोरी डिस्क मात्र कधी खरं बोलायची, कधी नाही. खूण हिरवी आणि डिस्कवर काही नाही! पहिल्यांदा तसं झालं तेव्हा सुवर्णा भिंतीला टेकून उभी असलेली डोळ्यांपुढे आली. अक्कांच्या चेहऱ्यावर मात्र लहान मुलाला भोवरा फिरल्यावर होतो तसा आनंद होता. "खोटं बोलतोय गं हा! किती गोड खोटं बोलतोय!"

का खोटं बोलतोय ते शोधायला त्यांना आणखी वेळ लागला. जुन्या कुणीतरी लिहिलेल्या थोड्याशा ओळी एका कोपऱ्यात पडून होत्या. 'आता हे डिस्कवर पक्कं लिही' असा हुकूम आला की तो प्रोग्राम आधी पाहायचा, इथं आहे किती? आणि पाहायचा कसा, तर चिठ्ठी वाचून. बाकी सगळीकडे अक्कांनी त्याला कठड्यापर्यंत चालायला शिकवलं होतं, ही एक जागा राहून गेली होती. कोऱ्या डिस्कची चिठ्ठी म्हणजे शून्य. शून्य असेल तर पक्कं करायचं काय? म्हणून तो काहीच न करता म्हणायचा, 'झालं'. एरवी थोड्या वेळाने कॉम्प्युटर आपणहून ते डिस्कवर उतरवतोच, म्हणून कुणाला कधी पत्ता लागला नाही. त्या मधल्या क्षणांतच वीज गेली तरच गडबड. सांगोल्याच्या बाबांचं स्कॅन नेमकं त्या फटीत पडलं होतं.

"कुणी लिहिलंय हे?" साहेब चिडून म्हणाले.

"कुणी ते सोडा," अक्का म्हणाल्या. "कुठं आहे ते सापडलं ना."

साहेब वाईट नव्हते, घाबरट होते. त्यांचं म्हणणं, यूपीएसचा दोष सांगू, गुपचूप दुरुस्ती करू. एका गिऱ्हाइकाला कळलं की सगळ्यांना कळणार. शिवाय अक्कांच्या दुरुस्तीने पेटी थोडी हळू चालायला लागली होती. खरंच डिस्कवर लिहायचं म्हणजे वेळ लागणारच. "लोक म्हणतील पूर्वी खूण पटकन यायची, आता रेंगाळते," ते म्हणाले.

"आधी ती खूण नव्हतीच साहेब," अक्का म्हणाल्या. "नुसता हिरवा रंग होता."

आणि त्या माझ्याकडे वळल्या, "स्कूटी काढ."

डॉक्टरांना त्यांनी सगळं सांगितलं. तुमच्या बाईंची चूक नाही, यूपीएस कमजोर होता हे खरं, पण मूळ दोष आमच्या पेटीत. सांगताना ना हात जोडले, ना आवाज खाली केला. डॉक्टर ऐकत राहिले. "म्हणजे आणखी कुणाचं असं..." त्यांनी विचारलं. "एमो," अक्का म्हणाल्या. "तपासते." आणि पुढच्या आठवड्यांत आमच्या प्रत्येक गिऱ्हाइकाकडे जाऊन त्यांनी ते तपासलंही. काही लोक रागावले. एक सोडून गेला. साहेब महिनाभर अक्कांशी धड बोलले नाहीत.

इकडे ती दुरुस्ती त्यांनी जगापुढे ठेवली होती. दूरच्या कुठल्यातरी थंड देशातला एक माणूस ती तपासायचा. अक्का त्याला कधी भेटल्या नव्हत्या, आणि तोही पत्रांत अक्कांना पुरुष समजूनच लिहायचा. "सांगा की त्याला," मी म्हणायची. "त्याने विचारलं कुठं?" अक्का म्हणायच्या. आम्ही त्याला जावई म्हणायचो, कारण त्याच्या निरोपाची वाट तशीच पाहिली जायची. जावयाने पहिल्यांदा दुरुस्ती परत पाठवली. एकात खूप गोष्टी कोंबल्यात, सुट्या करा, प्रत्येकीचं कारण नीट लिहा. कॉलेजात पोरांच्या वह्यांवर लाल शाई मारलेल्या अक्का ऑफिसभर सांगत सुटल्या, "मला नापास केलं गं! बरोबर केलं!" दुसऱ्यांदाही परत आली. तेव्हा तर त्यांनी सगळ्यांना चहा पाजला.

अशा दुरुस्तीखाली, हा दोष कुणी कळवला त्याचं नाव लिहायची पद्धत असते. अक्कांनी सुवर्णाला फोन लावला, मी शेजारीच होते.

"तुझं नाव लिहू का?"

"माझं नाव? कशात, तक्रारीत?" तिकडून घाबरा आवाज.

"तक्रारीत नाही गं. दुरुस्तीत. दोष तुझ्यामुळे सापडला. हे जगात जिथं जिथं चालतं तिथं तिथं जाईल."

सुवर्णा म्हणाली, "लिहा. आणि अक्कलकोट पण लिहा."

तिसऱ्या खेपेला जावयाने पास केलं. खाली त्याने एकच ओळ लिहिली होती, अक्कलकोटच्या या बाईंचे आभार माना.

दुरुस्त पेटी बसवायला आम्ही एका रविवारी सेंटरमध्ये गेलो. पेशंट नव्हते. पण अक्कांना नुसती पेटी बसवून चालणार नव्हतं, त्यांना खरं स्कॅन घेऊन पिन उपटायची होती. आणि स्कॅन कुणाचं? मी मागे सरले. डॉक्टर हसले. अक्कांनी पिशवीतून एक मोठं, टणक, लालबुंद डाळिंब काढलं आणि सीटीच्या टेबलावर पेशंटसारखं ठेवलं.

सुवर्णाने त्याला पट्टासुद्धा बांधला. आम्ही काचेच्या अलीकडे उभे राहिलो. टेबल आत सरकलं, मशीन फिरलं. खूण यायला पूर्वीपेक्षा वेळ लागला. मग हिरवं झालं, सुवर्णा म्हणाली, "आली," आणि अक्कांनी पिन ओढली.

पेटी सुरू होईपर्यंत सुवर्णा नखाने टेबलाची कड खरवडत होती. पडदा उजळला. तिने यादी उघडली. चित्र होतं. सगळं होतं. अक्कांनी पुन्हा करायला लावलं, पुन्हा होतं. मग डॉक्टरांनी स्वतः पिन उपटून बघितली. होतंच.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "सुवर्णा, त्या दिवशी मी..." ते म्हणाले.

"राहू द्या सर," ती म्हणाली. "त्या बाबांच्या मुलाला तेवढं सांगा."

डॉक्टरांनी तिथूनच फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. मागे मेंढ्यांचा आवाज येत होता. बाबा बरे होते, पोटात खडा होता तो निघाला होता. डॉक्टरांनी सांगितलं की, तुमचा फोटो या बाईंनी पहिल्या वेळीच काढला होता, आमच्या यंत्राने हरवला.

मुलगा म्हणाला, "मंग त्या ताईस्नी सांगा, आमी लई बोललो तवा. आन् म्हातारा रोज मला म्हंत हुताच, पोरीची चूक न्हाय म्हनून."

सुवर्णाने तोंड फिरवलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. डॉक्टर काहीतरी बोलत होते. आणि हे सगळं चाललं असताना अक्कांचं कुठंच लक्ष नव्हतं. त्या पडद्याला नाक लावून डाळिंब पाहत होत्या. एकेक काप पुढे सरकवत होत्या. दाण्यांचे कप्पे, मधले पातळ पडदे, सगळं राखाडी रंगात रांगोळी काढल्यासारखं.

"हे काय गं?" त्यांनी सुवर्णाला हाक मारली. एका कप्प्यात दाण्यांच्या जागी काळपट डाग होता.

सुवर्णाने डोळे पुसले, पुढे वाकून पाहिलं. "आतून सडलंय अक्का. वरून कळत नाही."

अक्कांनी डाळिंब हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिलं. साल चकचकीत, कुठं डाग नाही. "सुरी आहे का?"

डॉक्टरांच्या डब्यातली सुरी आली. सुवर्णाने पडद्यावर बोट ठेवून जागा दाखवली, अक्कांनी तिथंच सुरी घातली आणि डाळिंब उघडलं. आत तेवढाच एक कप्पा तपकिरी, मऊ पडलेला. बाजूचे दाणे लालभडक.

"आहे गं!" अक्का म्हणाल्या. "दाखवलं तस्संच आहे!" आणि ते सडकं डाळिंब दोन्ही हातांत धरून त्यांनी आम्हा सगळ्यांना एकेक करून दाखवलं.